मी वाचलेला मारुतीचा कागद

माझा गल्लीतला दोस्त मारुती गेल्याची बातमी दिल्लीहून आली, इंग्रजीत, माझ्या फोनवर. घरचा नंबर म्हणून त्यानं माझाच दिला होता, कारण निपाणीजवळच्या आमच्या गल्लीत इंग्रजी कळणारा मी एकटा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे कागद माझ्याकडं यायला लागले. आमच्याकडं माणसं मराठीत बोलतात, कागद कानडीत येतात. नळाची नोटीस, शेताचा उतारा, बँकेचं पत्र... मी वाचून सांगायचो. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

मारुतीला फक्त फौज पाहिजे होती. पहाटे तो हायवेच्या कडेनं पळायचा, मी वेळ लावून मोटारसायकलवर मागं. बेळगावच्या भरतीत दोनदा पळण्यात पुढं आला आणि दोनदा सपाट तळवे म्हणून डॉक्टरनं काढला. तिसऱ्या वेळी वय उलटलं. परतताना बसमध्ये म्हणाला, "ज्या पायांनी पळालो, त्येच नापास. आता शेण काढायला तरी चालतील न्हवं?" मी हसलो. तोही हसला, जरा उशिरा.

मग त्याला एक एजंट भेटला. परदेशात गोदामावर राखणीचं काम. त्या देशात लढाई चालू होती, पण गोदाम लांब आहे म्हणाला. करार आठ पानांचा. दोन पानं इंग्रजी, सहा तिकडच्या लिपीत. मारुतीची आई, सुमनकाकू, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिनं विचारलं, "पर्शा, समदं वाचलंस न्हवं?"

मी दोनच पानं वाचली होती. बाकीच्या पानांवरनं नुसतं बोट फिरवलं आणि म्हणालो, "व्हय काकू. त्येच परत त्यांच्या भाषेत लिवलंय." येत नाही, एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात. मारुतीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सही केली.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "पर्शा, भरती झालो रं. हितं तळवं कोण बघत न्हाय." त्या सहा पानांत काय होतं, ते मला तेव्हा कळलं. "आईला गोदामच सांग," म्हणाला. मी तेही सांगितलं... पुढं फोन यायचे बंद झाले.

आमच्या भागात जवानाचं शव आलं की शाळा सुटते, सलामी होते, बंदुका झडतात. मारुतीची पेटी रुग्णवाहिकेतून आली आणि उघडू नका असं बजावलं गेलं. गावातले रिटायर्ड सुभेदार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपल्या फौजंतला न्हाय रं बाळा. तिरंगा घालता येत न्हाय." त्यांचं बरोबरच होतं.

महिन्यानं काकूनं पेटीबरोबर आलेला कागद माझ्यापुढं धरला. तीच लिपी. "कसा गेला, लिवलं असंल. बघ."

मी कागद उलटून पालटून बघितला. मग म्हणालो, "काकू, मला ह्ये वाचता येत न्हाय. तवाबी येत नव्हतं."

विडीचं पान कापणारी तिची कात्री थांबली नाही. "म्हाईत हाय. त्योच सांगून गेलता. पर्शाला यातलं काय कळलेलं न्हाय, पन त्याला इचारू नगंस, त्याची मान खाली जाईल म्हणाला."

"मग आज का दिलास?"

"तू कवा सांगतोस, बघत हुते. आता वाचणारा हुडक."

बेळगावात असा एक माणूस मिळालाय. उद्या जायचंय. काकूला बरोबर नेणार आहे. एकट्यानं ऐकून घेऊन तिला नीट येऊन सांगेन, एवढा भरवसा मला माझा राहिलेला नाही.