डाळ शिजेल ते पाणी

गंगाखेडच्या खालच्या अंगाला गोदावरीचा डोह उन्हाळ्यातही आटत नाही. तिथं व्यंकटराव देशमुखांनी इंजनाची नाव घातली, तेव्हा ती बघायला पंचक्रोशी लोटली होती. निजामाचा अंमल, सन पंचेचाळीस-सेहेचाळीसचा सुमार. दुसऱ्या वर्षी नाव चालवायला सेलूहून भुजंग आला. तिथं तो एका कापसाच्या जिनिंगात इंजनावर होता. बायको चतुराबाई देवीच्या साथीत गेली, पोरबाळ नव्हतं. घाटावरची पत्र्याची खोली त्याला एकट्याला पुरून उरली.

इंजन तापतं आणि त्याला थंड ठेवायला पाणी लागतं, एवढं कुणालाही कळतं. पण कोणतं पाणी, इथं भले भले फसतात. भुजंगच्या आधीच्या माणसानं डोहातलंच पाणी इंजनात खेळवलं. गंगेचं पाणी म्हणून वर हातही जोडले. पावसाळ्यात तेच पाणी चिखल घेऊन आलं, इंजनाच्या पोटातल्या वाटा बुजल्या आणि भर धारेत नाव बंद पडली. भुजंगनं आल्याआल्या नावेवर लोखंडी पिंप बसवलं. पिंपातलं पाणी नळीनं इंजनात जायचं, तापून पिंपात यायचं, निवून पुन्हा आत जायचं. नदीशी संबंधच तोडला.

राहिली विहीर. विहिरीचं पाणी जड. ही पारख मात्र भुजंगची नव्हे, चतुराबाईची. सेलूला तिची तुरीची डाळ अर्धा दिवस चुलीवर राहूनही कडक ती कडकच. एकदा ती वैतागून म्हणाली, "ज्या पान्यात माजी डाळ शिजत न्हाई, ते तुमच्या इंजनाला काय पचनार हाय?" आणि त्याच महिन्यात जिनिंगातलं इंजन उघडलं, तर आतून बोटभर जाडीचं पांढरं किटण निघालं. तेव्हापासून भुजंग कुठलंही पाणी आधी डाळीवर पारखायचा. घाटाजवळच्या तीन विहिरी त्यानं अशा तपासल्या आणि तिन्ही वेळा ती कच्ची डाळ एकट्यानं बसून चावली. शेवटी पावसाचं पाणी ठरलं. दोन-चार सरींनी पत्रे धुऊन निघाले की तो पन्हळीखाली रांजण मांडायचा आणि फडक्यानं गाळून पाणी साठवायचा. स्वतः मात्र नदीचंच प्यायचा. लोक हसायचे, हसू देत.

पिंपाला आठ घागरी लागत. नववी तो वाढीव ठेवायचा, तापून पाणी आटलं तर वर घालायला. वर्षातून दोनदा पाणी बदलायचं, दसऱ्याला आणि महाशिवरात्रीच्या तोंडावर. शिवरात्रीला पलीकडे जत्रा भरे आणि नाव दिवसभर थांबत नसे. तोटी सोडून तांबूस झालेलं पाणी काढायचं, धुण्याच्या सोड्यानं पिंप आतून खंगाळायचं, मग नवं भरायचं. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हात द्यायलाही कुणी नव्हतं.

घाटावर माणसांची काय कमी? पण सगळी पलीकडे जाणारी. थांबणारी एकच, लिंबाखाली फुटाणे विकणारी बायनाबाई. नवरा जाऊन तिला सहा वर्षं झाली होती. दिवस कलला की टोपली डोक्यावर घेताना ती विचारायची, "काय इंजनवाले, थंड हाय का तुमचं इंजन?"

"हाय," भुजंग म्हणायचा.

झालं बोलणं. एवढ्यावर तो गडी उद्यापर्यंत तग धरायचा. तिच्याशी पाट लावावा असं त्याच्या मनात वर्षभर होतं, पण जीभ रेटत नव्हती.

शिवरात्रीला चार दिवस होते. भुजंग रांजणातलं पाणी मोजत होता, नेमक्या नऊ घागरी. तेवढ्यात बायनाबाई रिकामी घागर घेऊन दारात आली.

"लिंबाजी यायलाय, माजा भाऊ. माजं पुढचं काय ते ठरवायला. एक घागर पानी द्या, डाळ चांगली शिजंल." मग नजर चुकवून म्हणाली, "तुमीबी या जेवायला."

यापरतं बाईमाणसानं काय सांगायचं? आणि भुजंगला कळलंही सगळं. पण त्याच्या डोक्यात नऊचा आकडा बसला होता. जत्रेचा दिवस, पाणी आटलं, इंजन चिरलं तर? तो म्हणाला, "मोजून हाय वो. जत्रा झाल्यावर बगू."

ती रिकामी घागर कडेवर घेऊन गेली.

तिच्या घरचा धूर त्याला दारातून दिसत होता. दोनदा त्यानं धुतलेला सदरा घातला, दोनदा काढला. घागरभर पाणी नाकारून तिच्याच ताटावर कोणत्या तोंडानं बसायचं? तो गेला नाही. मूर्खपणा होता, निव्वळ मूर्खपणा.

दुसऱ्या सकाळी बायनाबाई गाठोडं घेऊन भावाबरोबर नावेत बसली. लिंबाजी पुढं लोकांत जाऊन उभा राहिला. ती पिंपाशी बसली.

"डाळ शिजलीच न्हाई," ती हळूच म्हणाली. "भाऊ तशीच खाऊन उठला. म्हनला, इथं तुजं हायच कोन?"

भुजंगचा हात नळीवर होता. तो तिथंच राहिला. पैलतीर आला. उतरताना तिनं विचारलं, "थंड हाय का इंजन?"

"हाय," तो म्हणाला.

जत्रा झाली. दिवसभर नाव चालली, पिंपातलं पाणी चार बोटंसुद्धा उतरलं नाही. नववी घागर होती तशी राहिली. दुसऱ्या दिवशी उपास सोडायला भुजंगनं त्या पाण्यात तुरीची डाळ टाकली. बघता बघता ती लोण्यासारखी शिजली. डाळ दोघांची टाकली गेली होती. त्यानं एकट्याचं ताट वाढून घेतलं.