देव्हाऱ्यातलं परदेशी तांबं

सुमे, अशी जवळ बस बघू. बापाच्या तेराव्याला आलीस, पानावर धड टेकलीसही नाहीस आणि पालघरला गाडी गाठायची म्हणून पळालीस. असं करतात का गं? काकीला काही सांगायचं असेल, एवढं तरी मनात यावं. आता वर्तमानपत्रवाले पुरवणीसाठी दोन शब्द लिहा म्हणालेत, तर चारचौघांदेखतच सांगते.

तुझा बाप जयराम माझा धाकटा दीर. बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करायचा, खोली सरावलीला, पण सणावाराला घरी, तारापूरला. एकदा आमच्या जाळ्यात बोंबलांबरोबर चिखल आला आणि चिखलात हे हिरवंकाळं नाणं. दुसऱ्या कुणी फेकलं असतं. ह्याने वाचनालयातून जाड पुस्तकं आणली, इंग्रजी अडलं की डिक्शनरी उघडायची. मी बोंबील वाळत घालायची आणि हा शेजारी उभा राहून मला शिकवायचा. रोमच्या राजाचं राज्य अफाट, पण लांबलांबची शहरं आपली तांब्याची नाणी आपणच पाडायची. एका अंगाला राजाचं तोंड, दुसऱ्या अंगाला आपल्या गावचा देव, आणि कडेने ग्रीक अक्षरांत गावाचं नाव.

"वयनी, हा पैसा त्यांच्याच बाजारात चालायचा. वेशीभायेर कोन इचारत नाय. मंग आपल्या दर्यात आला कसा?"

"राहिला असेल कुणा खलाशाच्या कनवटीला," मी म्हटलं. "आमच्या कोळणींनी घेतला नसेल."

तो हसला नाही. म्हणाला, "गाव समजला म्हंजे तो मानूस कुठला ते समजल."

तीन अक्षरं त्याला लागली होती, बाकीची हिरव्या थराखाली. मुंबईच्या एका जाणकारांना त्याने पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं, घेऊन या, वाचू. रविवारी जायचं ठरलं. तोवर पोरांचा हात लागू नये म्हणून त्याने नाणं देव्हाऱ्यात ठेवलं... आणि त्याच आठवड्यात नारळी पुनव. पुनवेआधी आमच्यात देव्हाऱ्यातलं सगळं तांबं-पितळ चिंच-राखेने घासतात. मी घासलं. असं घासलं की सोन्यासारखं झालं. राजाचं नाक राहिलं. अक्षरं गेली.

पाळीवरून आला, हातात घेऊन उन्हात धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं...

"चकचकीत केलंस गं वयनी," एवढंच म्हणाला आणि नारळीभाताला बसला. दोनदा मागून घेतला. रविवारी मुंबईला गेला नाही.

दीड महिन्यापूर्वी सरावलीहून तो गेल्याचा निरोप आला, आम्ही पोचलो, तेव्हा त्याचा कारखान्यातला जोडीदार मला म्हणाला, "भाभी, वो सिक्का था ना, समंदर ने उसके अक्षर खा लिए. हमेशा बोलता था." तुलाही त्याने तेच सांगितलं होतं, माहीत आहे मला. समुद्राने काही खाल्लं नाही, सुमे. मी घासलं. इतकी वर्षं त्याने आळ दर्यावर घातला आणि मी गप्प बसून तो घालू दिला.

नाणं अजून देव्हाऱ्यातच आहे. दर पुनवेला बाकी सगळं घासते, त्याला हात लावत नाही. आता परत हिरवट झालंय. कडेला अक्षरासारखी एक रेघ दिसते, पण माझ्या डोळ्यांचा काय भरवसा? तुझे डोळे बापाचे आहेत. पुनव यायच्या आत ये... आणि ह्या खेपेला गाडीची घाई नको.