लांब बाह्या

शिवणवाल्या ताईंची नजर अशी, की गिऱ्हाईक दारातून आत येतं न येतं तोच त्याचं माप यांच्या डोक्यात तयार. घरातल्या सोळा वर्षांच्या लेकीचा मात्र त्यांना थांग लागेना. सकाळी गळ्यात पडणारी ही भिंगरी, आईला दुकानातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ‘तुला मी नकोच आहे’ म्हणून दार लावून घ्यायची. मैत्रिणी चार दिवस जिवाभावाच्या, पाचव्या दिवशी वैरिणी. मावशीचं एकच पालुपद, नाटकं आहेत सगळी.

मग एके दिवशी ताईंना लेकीच्या हातावर तिनेच करून घेतलेल्या जखमा दिसल्या. ताई काय बोलल्या असतील? काही नाही. मशीनवर बसल्या आणि तिच्या एकूण एक कपड्याला लांब बाह्या लावल्या, शाळेच्या शर्टालासुद्धा. जोड शोधून सापडणार नाही इतक्या सफाईने. कात्र्या कुलपात गेल्या. लेकीच्या खोलीत जरा शांतता झाली, की ताईंचा पाय मशीनच्या पायट्यावर थिजायचा. ती शांतता त्यांच्या मानगुटीवरच बसली होती.

शेवटी शाळेनेच दोघींना समुपदेशक बाईंकडे धाडलं. त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. ते ताईंच्या डोक्यावरून गेलं; बाकीचं कळलं. पोरीला सगळंच फार लागतं आणि लागलेलं लवकर ओसरत नाही. हे नाटक नव्हे, आणि उपचाराने पुष्कळ फरक पडतो. दर आठवड्याला यायचं. मनातली ती लाट ओसरेपर्यंत तग धरायला पोरीने शिकायचं, आणि न रागावता ऐकायला आईने. मग बाईंनी विचारलं, जखमांचं कधीपासून माहीत होतं?

“गेल्या उन्हाळ्यापासून,” ताई म्हणाल्या.

भिंगरी आईकडे न बघताच बोलली, “बाह्या लावल्यास तेव्हाच कळलं मला. तुला बघायचंच नव्हतं.”

ते वाक्य ताईंच्या काळजात रुतलं. मशीन चालू असतानाही तेच ऐकू यायचं.

सहा महिने गेले. मध्ये दोनदा पुन्हा पहिले पाढे पंचावन्न झाले, तरी दोघी जात राहिल्या. एका दुपारी भिंगरीने शाळेचा शर्ट आईच्या मांडीवर टाकला. “बाह्या कोपरापर्यंत कर. आणि माप घे.”

कुणाचंही माप नजरेने घेणाऱ्या ताईंनी टेप काढली. खांद्यापासून कोपरापर्यंत, आणि मग गरज नसताना मनगटापर्यंत, त्यांनी एकेक व्रण डोळे उघडे ठेवून पाहिला.

“फार दुखलं असेल ना गं?”

भिंगरीने हात मागे घेतला नाही. म्हणाली, “आता विचारलंस.”