माझ्या थोरल्या जावेचे कान

माझी थोरली जाऊ डीजे आहे, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘थोरली हॉलमध्ये कामाला जाते’ एवढंच सांगितलं. मला वाटलं, झाडलोट नाहीतर तिकीटखिडकी. लग्नानंतर नवऱ्याने मला त्या हॉलमध्ये नेलं, तर समोर ओट्यावर दोन मशिनांच्या मागे ताई, म्हणजे हीच थोरली, उभी. एक कान हेडफोनमध्ये, एक उघडा, आणि खाली हॉलभर माणसं तिच्या बोटांवर नाचताहेत. माझा नवरा जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला. तो तिचा धाकटा दीर, आणि तिच्याच हाताखाली तयार झालेला.

हॉलमध्ये तिला पट्टीबाई म्हणत. कुठलंही गाणं लावा, सुरुवातीच्या दोन सुरांत ती पट्टी सांगायची. एकदा घरी फ्रिजची घरघर ऐकून म्हणाली, “हा अर्धा सूर उतरलाय, मेकॅनिकला बोलवा.” आम्ही सगळे हसलो. थोड्याच दिवसांत फ्रिज बंद पडला आणि सासूबाईंचं महिन्याचं लोणी वितळलं.

भांडणाला कारण झाली हॉलमधली नवी मशिनं. जुन्या मशीनवर गाणं पळवलं की आवाज चढायचा, चांगला धिप्पाड गाणारा चिमणीसारखा चिवचिवायचा. संथ केलं की तोच म्हशीसारखा रेकायचा. म्हणून ताई लय बदलायची ती मिठासारखी, चिमूटभर. नव्या मशीनवर एक बटण होतं. ते दाबलं की लय कितीही कमीजास्त करा, पट्टी जागची हलत नाही. माझ्या नवऱ्याला आयतं कोलीतच मिळालं. बटण दाबून ठेवायचं, सगळी गाणी एकाच लयीवर ओढून आणायची आणि एकाला एक जोडत जायचं. डोकं चालवायला नको.

ताईचं बटणाशी वैर नव्हतं. ती स्वतः ते वापरायची. तिचं म्हणणं एवढंच की थोडं ताण, चालतं. एवढं ताणू नकोस. “मशीन जादू करत नाही रे,” ती त्याला सांगायची. “आवाजाचे बारीक तुकडे करतं. पळवायचं तर काही तुकडे गाळतं, संथ करायचं तर काही दोनदा लावतं, आणि सांधे घासून ठेवतं. फार ताणलंस की सांधा उघडा पडतो. ड्रमचा एक ठोका दोन पडल्यासारखा येतो. लांब सूर पंख्यासमोर बोलल्यासारखा थरथरतो.”

“मला नाही बुवा ऐकू येत.”

“येतं तुला. मीच शिकवलंय.”

हे एक दिवस ती हॉलच्या मालकासमोर बोलली. नवरा घरी आला तो तोंड पाडून. मला म्हणाला, “वहिनी चारचौघांत पाणउतारा करते. बघतोच आता.”

त्याने काय केलं ते मला पुढे कळलं. तो मालकाकडे एकटा गेला आणि अगदी जड आवाजात म्हणाला, “वहिनीला हल्ली ऐकू कमी येतं. नाही ती खरखर ऐकू येते बिचारीला. तुम्ही तिला काही बोलू नका, तिचा जीव तुटेल.” मालक तसा सज्जन माणूस. तो खरंच काही बोलला नाही. ताईला फुलं दिली, “बाई, खूप केलंत, आता आराम करा,” म्हणाला, आणि ओटा माझ्या नवऱ्याच्या हवाली केला.

ओटा का गेला, ते ताईला घरातच कळलं; धाकट्याने तेच घरीही पसरवलं होतं. सगळे तिच्याशी मोठ्याने बोलायला लागले होते. सासूबाई जेवताना ओरडायच्या, “भात वाढू का?” थोरले दीर, म्हणजे ताईचा नवरा, तिच्या तोंडासमोर येऊन एकेक शब्द सुटा करून बोलायचे. शेजारीण जिन्यात भेटली की हातवारे करायची. ताईने शेवटी नवऱ्याला धरलं, तेव्हा बिचाऱ्याने सगळं सांगून टाकलं. वर म्हणाला, “धाकट्याने काळजीपोटीच सांगितलं असेल. जाऊ दे ना.”

ती कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, कान लखलखीत आहेत. तिने घरी येऊन तसं सांगितलं. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, “बरं झालं हो!” आणि त्यानंतरही ओरडूनच बोलत राहिल्या. एकदा आवई उठली की उठली. दुसरे हॉलही तिला काम देईनात.

ती रडली नाही, भांडली नाही. माझ्या नवऱ्याला ताटात पहिल्यासारखंच वाढत होती. तो मला हसून म्हणायचा, “बघ, विसरली.” बायकांचं विसरणं त्याने कधी जवळून पाहिलं नव्हतं.

मग ताईला बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर काम मिळालं. खाली स्पीकर आणि वायरी विकायला, वर डीजे लोकांना हवी तशी गाणी कापून, जोडून द्यायचं काम. कुणाला सुरुवातीचा ठेका लांब हवा असतो, कुणाला मधलं कडवं नको असतं. गाणी दुकानाच्या नावाने जायची. कोण कापतं, ते कुणी विचारत नसे. माझा नवराही गाणी तिथूनच घ्यायचा. ताई ‘दुकानात’ जाते एवढंच त्याला ठाऊक; कुठल्या, ते त्याने कधी विचारलं नाही. ती कुठेतरी गल्ल्यावर बसते असं त्याने धरूनच चाललं होतं.

काही महिन्यांनी तो चिडचिडा झाला. घरी आला की एकच पालुपद. “आवाज फाटतोय. ठोका बसत नाहीये.” त्याने वायरी बदलल्या. स्पीकर उघडून बघितले. बटण बंद ठेवून गाणं मूळ लयीत लावलं, तरी तेच. हेडफोनमध्ये सगळं ठीक वाटायचं, पण मोठ्या स्पीकरवर ड्रम ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा. मालकाला बोलावून ऐकवलं. मालक मान वाकडी करून ऐकत राहिला आणि म्हणाला, “मला तर सगळं छान वाटतंय.” पण नाचणारे लवकर दमायला लागले होते. का ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. पाय उचलत नाहीत म्हणायचे आणि जाऊन खुर्च्यांवर बसायचे.

एक दिवस दुपारी मी घराची किल्ली विसरले म्हणून ताईच्या दुकानात गेले. खालच्या माणसाने वर पाठवलं. ताईची पाठ माझ्याकडे होती. पडद्यावर एक गाणं होतं, माझा नवरा आठवडाभर ज्याची वाट बघत होता तेच. तिने ते पट्टी न हलवता खूप संथ केलं. मग तेच पुन्हा पळवून मूळ लयीवर आणलं. मग परत संथ. परत मूळ.

“ताई, हे काय करताय?”

ती दचकली नाही. “ताणतेय आणि आकसवतेय. स्वेटर धुऊन ओढायचा, परत धुवायचा, तसं. माप तेच राहतं. लोकर मरते.”

“कुणासाठी?”

“तुझ्या नवऱ्याची ऑर्डर आहे.”

मी खुर्चीवर बसले. ती म्हणाली, “बाकीच्यांची गाणी चोख जातात. दुकानाचं नाव मी घालवणार नाही. एवढी खराबी ऐकू येईल असे कान या गावात दोघांचेच. एक मी. दुसरा मी तयार केलेला.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “सांगणार आहेस त्याला?”

आता मी माझं सांगते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला नवऱ्याच्या फोनवर एका बाईचं हसू ऐकू आलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, “तुला भास होतात.” पुढे त्याने माझ्या आईला सांगितलं, आमच्या हिची तब्येत बरी नसते. आईने मला झोपेच्या गोळ्या आणून दिल्या. ते हसू खरं होतं, बाई खरी होती, मी नंतर तिला डोळ्यांनी पाहिली. पण आईला ते पटवून देता देता माझी दमछाक झाली.

मी ताईकडून किल्ली घेतली आणि म्हटलं, “येताना दूध घेऊन या. संपलंय.”

त्यानंतरचे दिवस मी मिटक्या मारत काढले, खोटं कशाला बोलू. तो रात्रीचा कार्यक्रम करून सकाळी चहाला बसायचा, डोळे लाल. ताई समोर बसून पाव खायची. तो म्हणायचा, “फाटतंय गं. खरंच फाटतंय.” ताई विचारायची, “साखर घेतलीस का?” मालकाने शेवटी त्याला सांगितलं, “गाणी तीच, मशिनं नवी, स्पीकर तू स्वतः तपासलेस. कान दाखवून ये एकदा. तुमच्या घरात ते आहेच म्हणे.”

तो डॉक्टरकडे गेला. तोच डॉक्टर. कान उत्तम म्हणाला. घरी कुणी विश्वास ठेवला नाही. सासूबाई त्याच्याशीही ओरडून बोलायला लागल्या.

आणि मग एका सकाळी तो ताईपुढे येऊन उभा राहिला. मान खाली. “वहिनी, एकदा हॉलवर येऊन ऐकशील? तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.”

ताई पदर खोचून उठली. मीही गेले. मी तो तमाशा चुकवणं शक्यच नव्हतं.

हॉल रिकामा होता, खुर्च्या भिंतीशी रचलेल्या. मालक दाराशी उभा. नवऱ्याने एक गाणं लावलं आणि आवाज वाढवला. मला खरंच काही कळलं नाही, गाणं मला गोडच वाटलं. ताई हॉलच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिली. गाणं संपेपर्यंत हलली नाही.

“आलं ना ऐकू?” नवरा ओट्यावरून वाकून म्हणाला. “ठोका दुहेरी पडतोय. गाणारीचा लांब सूर थरथरतोय, पंख्यासमोर बोलल्यासारखा. ऐकलंस ना?”

शब्द न् शब्द ताईचा होता. ताईने डोळे उघडले.

“मला नाही बुवा ऐकू येत,” ती म्हणाली. “माझे कान गेलेत ना. तूच तर सांगितलंस सगळ्यांना.”

मालक पुढे आला. “सांगितलं म्हणजे? गेलेले नव्हते?”

“डॉक्टरला विचारा,” ताई म्हणाली. “आणि तो आत्ता जे बोलला, ते मी तुमच्यासमोर कधी बोलले होते का, तेवढं आठवून बघा.”

मालकाला आठवलं. त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात चक्रं फिरताना दिसत होती: दुकान, माडी, गाणी. “वहिनी, तू?” तो म्हणाला.

“हो. मीच.”

“माझं नाव मातीत घातलंस!”

“मोजून तेवढंच, जेवढं तू माझं घातलंस. तुला निदान कुणी फुलं तरी दिली नाहीत.”

मालकाने नवऱ्याला त्याच दिवशी काढलं. ताईलाही खडसावलं, नाही असं नाही. माझ्या हॉलचं नुकसान केलंत म्हणाला. ताईने ते निमूट ऐकून घेतलं, आणि शनिवारपासून येते म्हणाली. दुकानदाराने मात्र तिला ठेवलं नाही, आणि त्याचंही बरोबरच होतं.

घरी भूकंप झाला. थोरले दीर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. सासूबाई मला म्हणाल्या, “तुला ठाऊक होतं?” मी हो म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण हळू आवाजात. माझा नवरा दुसऱ्या शहरात निघून गेला. मला चल म्हणाला. मी गेले नाही. माझी तब्येत बरी नसते, असं त्याला सांगितलं.

आता मी हॉलच्या तिकीटखिडकीवर बसते. खिडकीतून ओटा दिसतो. ताई अजूनही ते बटण दाबते, चिमूटभर लय हलवते आणि लगेच सोडते. लोकांचे पाय उचलतात.

गेल्या महिन्यात नवऱ्याचा फोन आला. कुठल्याशा हॉटेलात गाणी लावतो म्हणाला. मग म्हणाला, “वहिनीला सांग, माझं चुकलं.”

मी ओट्यापाशी जाऊन निरोप दिला. ताई एक वायर गुंडाळत होती.

“फोनवरून नको,” ती म्हणाली. “हॉल भरलेला असताना ये म्हणावं, आणि माइकवर सांग. खोटं सगळ्यांना ऐकवलंय, खरंही सगळ्यांना ऐकव.”

मी त्याला तसंच सांगितलं. त्याने फोन ठेवला.

“काय म्हणाला?” ताईने विचारलं.

“काही नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि दारं उघडायला सांगितली.