बारावी चावी

अरविंद गेल्याचा फोन आला तेव्हा त्याची गिटार माझ्या घरी कपाटावर आडवी पडली होती. सात महिन्यांपासून. तारा ताणायच्या चाव्यांची बारा भोकं, त्यांत अकरा नव्या चाव्या, आणि तार एकही नाही. त्याची बायको, नलिनीवहिनी, फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, बिट्टन मार्केटात भाजी घेताना खाली बसले... ते उठलेच नाहीत." घरातून निघण्याआधी मी त्या गिटारवर चादर टाकली. कोणापासून लपवत होतो, ते मला त्या वेळीही सांगता आलं नसतं.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचे क्वार्टर बावीस वर्षं शेजारी. मी नागपूरकडचा, तो ग्वाल्हेरचा. तो कारखान्यात तांब्याच्या कॉइल गुंडाळण्याच्या विभागात, मी तपासणीत. त्याच्याकडे बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार होती. तिच्या तारा जोडीनं असतात, एक छेडायला जावं तर दोन वाजतात. त्यामुळे जोडीतली एक जरी किंचित उतरली तरी ऐकणाऱ्याला कळतं. तारा ताणायच्या बारा चाव्या जुन्या होऊन घसरायला लागल्या होत्या. गणेशोत्सवात स्टेजवर त्याचं सूर लावणं सुरू झालं की मंडळाचे लोक म्हणायचे, अरविंद तयार होतोय तोवर आरती उरकून घ्या. तोही हसायचा. गेल्या मे महिन्यात त्यानं दिल्लीहून नव्या चाव्यांचा संच मागवला आणि गिटार माझ्याकडे आणून ठेवली. "इन्स्पेक्टर, तुझा हात सरळ आहे. गणपतीच्या आधी करून दे, बस."

जुनी भोकं साडेआठ मिलिमीटरची, नव्या चाव्यांना दहाची हवी होती. लाकूड चिरू नये म्हणून मी हातानं, थोडं थोडं करत बाराही भोकं मोठी केली. तीन रविवार गेले. ते काम चांगलं झालं, हे मी आजही म्हणेन. मग सवयीप्रमाणे चाव्या बसवण्याआधी एकेक तपासली. मूठ चौदा फेरे फिरवली की तार गुंडाळायचा खांब एकदा फिरतो. अकरा चाव्या बरोबर निघाल्या. बाराव्या चावीची मूठ उलटी फिरवली की पाव फेरा नुसती फिरायची, मग दाते पकडायचे.

आमच्या विभागात एक नग नापास झाला की सगळा माल थांबतो. त्याला लाल चिठ्ठी बांधतात, आणि ती सोडवण्याचा अधिकार फक्त बांधणाऱ्याचा. मी गिटारच्या मानेला तशी चिठ्ठी बांधली. खरोखर बांधली, तारीख घालून, सही करून. अरविंद आला, त्यानं ती वाचली आणि खो खो हसला. चावी बोटांत फिरवून बघितली. "अरे यार, लगा दे. तार ताणली की ही ढील तीच खाऊन टाकते. सूर नेहमी खालून वर चढवत आणायचा, मग काही होत नाही."

"बदली चावी मागवली आहे. येऊ दे."

"नाही आली तर?"

"नापास नग मी बसवत नाही."

त्यानं चावी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाला, "बरं साहेब, तुमचं राज्य." वीस वर्षांहून जास्त गिटार वाजवणारा माणूस मला सांगत होता आणि मी माझ्या मोजमापावर विश्वास ठेवला. बदली चावी आली नाही. तो संच आता बनत नाही, असं दुकानदारानं कळवलं, तरी मी दुसऱ्या दुकानांत विचारत राहिलो. गणपती आले. त्या वर्षी अरविंद पहिल्यांदाच स्टेजखाली, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. कार्यक्रमभर त्याच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. मी ते पाहिलं... आणि समोर पाहत राहिलो. डिसेंबरात तो गेला.

तेराव्यानंतर मी ती चिठ्ठी कापली. बारावी चावी होती तशीच बसवली, तारा चढवल्या आणि त्यानं सांगितलं होतं तसा प्रत्येक सूर खालून वर आणला. सगळं मिळून एक दुपार लागली. गिटार घेऊन गेलो तेव्हा वहिनींनी ती दारातच हातात घेतली. म्हणाल्या, "आता एवढी घाई कशाला केलीत, भाऊजी?" आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

गिटार आता त्यांच्या बैठकीत, खिडकीशेजारी असते. दर रविवारी सकाळी मी जातो, मोबाइलवरच्या सूर मोजायच्या काट्यासमोर बाराही तारा एकेक करून छेडतो. हवेनं सगळ्याच थोड्या उतरतात. बारावीही उतरते, पण बाकीच्या अकरांइतकीच. एकदा तरी ती जास्त घसरलेली सापडावी, अशी आशा धरून मी तिथे जातो, हे मी वहिनींना सांगितलेलं नाही. त्या चहा ठेवतात आणि स्वयंपाकघरातून विचारतात, "कशी आहे?"

"ठीक आहे," मी म्हणतो.