ॲल्फ्रेडने स्वतःची फाइल बंद केली

ॲल्फ्रेड तुस्कानो मूळचा वसईचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं त्याचं एकच काम, कामगारांचे व्हिसा. कुणाचा लावायचा, कुणाचा वाढवायचा, कुणाचा रद्द करायचा. माणूस नोकरी सोडून निघाला, की शेवटच्या दिवशी दुपारच्या आत त्याची फाइल बंद. एकही फाइल लोंबकळत ठेवली नाही, अशी त्याची फुशारकी होती आणि ती खोटी नव्हती.

त्याच्या बायकोला, जोसेफिनला, या फायलींचं काडीचंही कौतुक नव्हतं. तिला जग बघायचं होतं. ती सत्तावन्न वर्षांची झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, बाजूंचं दिसणं कमी होत चाललंय. येता उन्हाळा सायकल चालवा, त्याच्या पुढच्या वर्षी मी हो म्हणणार नाही.

सायकलचं विचारलं, कारण बेतच सायकलचा होता. जुलैत हॅम्बुर्गला मोटरहोम घ्यायची, म्हणजे आत पलंग नि शेगडी असलेली गाडी. तिच्या मागे दोन सायकली टांगायच्या. गाडी शहराबाहेर उभी करायची आणि शहर सायकलवरून हिंडायचं. आधी ब्रेमेन, मग ग्रोनिंगेन, मग वर कोपनहेगन. "ग्रोनिंगेनला पाऊस आला ना, की सायकलवाल्यांना सिग्नल लवकर मिळतो," असं जोसेफिन शेजारच्या खतीजाला अशा थाटात सांगायची, जसा काही तो सिग्नल हिनेच बसवला होता.

गंमत म्हणजे बाईंना सायकल येतच नव्हती. वसईत भावांना सायकल मिळाली, हिला मिळाली नाही. मग अख्खा हिवाळा अल कुसैसच्या बागेत शिकवणी चालली. ढोपरं फुटली, मनगट सुजलं, एकदा तर बाई थेट मेंदीच्या कुंपणात. ॲल्फ्रेड सीट धरून मागून धापा टाकत पळायचा. फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्याने हात सोडला आणि ती एकटी तळ्याला वळसा घालून आली. त्या दिवशी त्याला वाटलं, आयुष्यात आपण एक तरी काम धड केलं.

मे महिन्यात तो साठीचा झाला, निवृत्त झाला. मॅनेजर यूनुस भला माणूस. म्हणाला, "ॲल्फ्रेडभाई, आपका व्हिसा तो अगले साल तक का है, सप्टेंबर तक रहने देते हैं. आराम से घूम के आओ, फिर कॅन्सल."

"नो सर. सव्वीस साल सबके लिए एक रूल रखा, मेरे लिए अलग क्यों?"

शेवटच्या दिवशी अकरा वाजता त्याने स्वतःचा व्हिसा स्वतःच्या हाताने रद्द केला. त्याची खुर्ची घेणाऱ्या नीलेशने टाळ्या वाजवल्या. सगळ्या ऑफिसने केक खाल्ला. असा अभिमान माणसाला कुठे नेऊन आपटतो, ते केक खाताना कळत नाही.

युरोपच्या व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी होती. काउंटरवरच्या उमैमाने पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिला, पुन्हा पासपोर्ट पाहिला. "अंकल, आपकी रेसिडन्सी, दुबई का व्हिसा, तो कॅन्सल है. यहाँ से अप्लाय करना है तो वापस आने के बाद भी तीन महीने बाकी चाहिए."

हा नियम ॲल्फ्रेडला पाठ होता. सुट्टीवर युरोपला निघालेल्या प्रत्येक साहेबाला त्याने तो बोट नाचवून सांगितला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तो बाहेर येऊन पायरीवरच बसला.

यूनुसला फोन केला. "खलास, ॲल्फ्रेडभाई. नया निकालते निकालते जुलाई गया." मुंबईतून अर्ज करावा, तर पहिली तारीख सप्टेंबरअखेरची. कॅनडातल्या ॲमंडाला, मुलीला, सांगितलं, तर ती ओरडली, "डॅड, यू डिड धिस फॉर अ लिव्हिंग!" त्याने फोन ठेवला.

जोसेफिन बागेत होती. जून लागला तरी तिचा सराव चुकत नव्हता; डॉक्टरांनी दिलेला हा एकच उन्हाळा होता. तिची फेरी पुरी होईपर्यंत तो थांबला आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं.

"कोणी केला कॅन्सल?"

"मी."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. यूनुस उलट नको म्हणत होता."

ती सायकलवरून उतरली. ॲल्फ्रेडला वाटलं, आता बोलेल, सव्वीस वर्षांचं सगळं बाहेर काढेल. काढावं, आपली तीच लायकी आहे. तो मान खाली घालून वाट बघत राहिला.

तिने सायकल स्टँडला लावली, शेजारी येऊन बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असं तोंड करू नकोस रे," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जाऊ."

तिने कानाखाली मारली असती, तर त्याने सोसलं असतं. हे त्याला सोसलं नाही.