थांबा, अजून वाजतोय!

आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर आकडे जमायचे आणि धामापूरच्या तळ्यावर कॅम्प लागला की किस्से! आकडे कॉम्प्युटरात गेले. किस्से मात्र चार जण भेटलो की अजून निघतात.

काम साधंच. स्टीलचा गोळा नाहीतर नळकांडं दोरीने पाण्यात सोडायचं, तराफ्यावरून आवाज सोडायचा आणि तो धातूवर आपटून कसा पांगतो ते मोजायचं. पहिल्याच दिवशी काठावरच्या एका आजोबांनी, आम्ही मासे धरतोय असं समजून, विचारलं, "काय गावता रे?"

"आवाज, आजोबा."

"मगे तेचा सार कसा करतलास?"

*

शेवंतीकाकी आमचं जेवण करायच्या. आमचे प्रमुख नाईकसर त्यांना एकदा समजावत होते, "गोळा कुठूनही सारखाच ऐकू येतो. नळकांडं मात्र समोर आडवं असेल तर जोरात, जरा तिरकं झालं की गप्प!"

"म्हणजे आमचो घोव! जेवणाक बोलवला तर आयकता, कामाक बोलवला की बहिरो!"

नळकांड्याचं नाव 'काका' पडलं. एकदा काकींचे यजमान, म्हणजे खरे काका, नारळ घेऊन आले. तराफ्यावरून कोणीतरी ओरडलं, "काकांना जरा डावीकडे फिरवा!" बिचारे नारळासकट फिरले.

*

कॅम्पातला चमचा हरवला तरी काकी बेचैन व्हायच्या. नव्या नवरी असताना पाणी भरताना त्यांच्या हातून सासूची तांब्याची घागर याच तळ्यात बुडाली होती. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, "बुडली नाय, म्हायेराक धाडलंस!" हे सांगून काकी पुन्हा चमचे मोजायला बसायच्या.

चमचा सरांच्या खिशात निघाला.

*

पोकळ गोळा सरांचा लाडका. आवाज आपटून गेला तरी तो मागे किणकिणत राहायचा. सर ते रेकॉर्डिंग संथ करून, हेडफोन लावून ऐकत बसायचे. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "थांबा, अजून वाजतोय!"

सर आता नाहीत. फार आठवण येते त्यांची.

*

कॅम्पच्या शेवटच्या वर्षी सरांचा तोच पोकळ गोळा हुकातून निसटला. तळाशी आवाज सोडून आम्ही त्याला शोधू लागलो. दुपारी स्क्रीनवर गोल वस्तूचा झकास प्रतिध्वनी उमटला. "सापडला!" सर नाचलेच. पाणबुड्या खाली गेला आणि वर आला तो तांब्याची घागर घेऊन! गळ्यावर काकींच्या सासूचं नाव कोरलेलं होतं.

काकींनी घागर चिंचेने घासली, तळ्यावर भरली आणि त्या ती कमरेवर घेऊन घरी निघाल्या. आम्ही सगळे मागोमाग. सासूच्या फोटोसमोर त्यांनी ती टेकवली आणि पदर सारखा केला.

"आये, पाणी हाडलंय. वायंच उशीर झालो."